आंघोळीच्या एका बादलीचा अभ्यास: एका शालेय प्रकल्पाची गोष्ट

पार्श्वभूमी

साताऱ्याच्या पूर्वेकडे, माणदेशाच्या बाजूच्या एका गावात मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. पाऊस कमी, उन्हाळ्यात टँकर ठरलेला. दरवर्षी एक-दोन जोड्या कुठल्या ना कुठल्या प्रकल्प स्पर्धेत उतरतात. ही गोष्ट नववीतल्या दोन मुलींची आहे. त्यांची नावं देत नाही. एकीला ‘वहीवाली’ म्हणते, कारण तिच्या हातातली वही कधी सुटली नाही, आणि दुसरीला ‘बोलकी’. त्याचं कारण सांगायला नको.

स्पर्धेचंही नाव मुद्दाम टाळलं आहे, पुढे परीक्षकांचा विषय येतो म्हणून. धाटणी राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेसारखी होती. ही परिषद १९९३ पासून देशभर भरते. दहा ते सतरा वर्षांची मुलं, लहान गट, आपल्या परिसरातला प्रश्न, नोंदवही आणि शेवटी परीक्षकांसमोर सादरीकरण. २०२०-२१ साली तिचा मुख्य विषयच ‘शाश्वत जीवनासाठी विज्ञान’ असा होता. आमच्या स्पर्धेचा विषयही त्याच घरातला: ‘पर्यावरणपूरक राहणी’.

विषय ऐकायला सोपा आहे, म्हणूनच अवघड आहे. त्यावर काय बोलायचं ते सगळ्यांना आधीच पाठ असतं: झाडे लावा, पाणी वाचवा, प्लॅस्टिक टाळा. मुलांना हे तिसरीपासून पाठ आहे आणि निबंधात त्याचे गुणही मिळतात. मग संशोधन कशाचं करायचं?

अडचण कुठे होती

जुलैत दोघी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्याकडे तीस प्रश्नांची प्रश्नावली तयार होती. मोबाइलवर शोधून, चार ठिकाणचं एकत्र करून बनवलेली. केंद्र सरकारच्या ‘मिशन लाइफ’ या पर्यावरणपूरक जीवनशैलीच्या मोहिमेची पंच्याहत्तर कृतींची यादीही त्यांना सापडली होती. ही कल्पना २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत मांडली गेली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातेत एकतानगरला मोहीम सुरू झाली. यादी चांगली आहे. पण मुलींनी त्यातलं आणि इतर ठिकाणचं जे उचललं होतं, त्यात ‘तुम्ही वातानुकूलन यंत्र २४ अंशांवर ठेवता का?’ असा प्रश्न होता. आमच्या गावात वातानुकूलन यंत्र फक्त एटीएमच्या खोलीत आहे, तेही बंद असतं.

मी तेव्हा थांबवलं नाही. म्हटलं, जाऊ दे, घरोघरी फिरतील तरी. दोन आठवड्यांत चाळीस घरं झाली. ‘तुम्ही पाणी वाचवता का?’ चाळीस हो. ‘प्लॅस्टिक जाळता का?’ चाळीस नाही. ‘विजेचा वापर जपून करता का?’ चाळीस हो. बोलकी खूश होती. आपलं गाव शंभर टक्के पर्यावरणपूरक निघालं, असा तक्ता काढायचा तिचा विचार होता.

वहीवाली मात्र गप्प होती. एका घरातल्या आजीचं बोलणं तिने वहीच्या समासात टिपलं होतं. आजी म्हणाल्या होत्या, “आगं, टँकरच्या पाण्याची सांडलवंड कोण करतंय? इचारायचं ते दुसरं कायतरी इचार.”

त्या वाक्याने आमचा रोख बदलला. ज्या घरात फ्रीज नाही त्या घराला फ्रीज वारंवार उघडू नका असं सांगण्यात अर्थ नाही. आणि लोकांना त्यांच्या चांगुलपणाबद्दल विचारलं की ते चांगलंच उत्तर देतात, त्यात त्यांचा दोष नाही. दारात शाळेच्या गणवेशातली मुलगी वही घेऊन उभी असेल तर मीही ‘हो’च म्हणेन.

समोर असलेले पर्याय

ऑगस्टच्या सुरुवातीला बसून चार वाटा मांडल्या. पहिली, आहे ती प्रश्नावली वाढवून शंभर घरं करायची. आकडा मोठा दिसतो, परीक्षकांना भावतो, पण शंभर घरांचं ‘हो’ हे चाळीस घरांच्या ‘हो’पेक्षा जास्त काही सांगत नाही. दुसरी, कापडी पिशव्यांची मोहीम. बोलकीचे वडील तयार होते, कापडही देणार होते. ते काम चांगलं असलं तरी त्यात शोधायचं काय, हे आम्हाला तिघींनाही सांगता येईना. तिसरी, ओल्या कचऱ्याचं खत. माझी स्वतःची आवड. पण गावात ओला कचरा उरतोच कुठे? उरलंसुरलं म्हशीच्या पाटीत जातं. शहरातला प्रश्न उचलून आम्ही आमच्या परड्यात आणत होतो.

चौथी वाट ठरवून आली नाही. आमच्याकडे पाऊस कमी, पण त्या आठवड्यात झड लागली होती. वहीवाली दोन दिवस उशिरा आली. कारण विचारलं तर म्हणाली, “मॅडम, सरपण वलं झालंय. बंब पेटंना, पाणीच तापंना.”

बोलकी लगेच म्हणाली, “आमच्यात कॉइल आहे. वीस मिनिटांत बादली.”

“लाइट गेल्यावर?”

“मग गॅसवर.”

दोघींचं तिथेच जुंपलं. कुणाचं पाणी स्वस्त, कुणाचं लवकर, कुणाच्या घरात धूर. मी पंधरा मिनिटं काही बोलले नाही. गावातल्या प्रत्येक घरात रोज सकाळी होणारी गोष्ट, चार-पाच वेगळ्या पद्धतींनी होणारी, आणि जिच्यात सरपण, वीज, गॅस, ऊन आणि पाणी सगळं येतं. शिवाय मोजता येणारी. प्रश्न वहीत असा उतरला: ‘आंघोळीची एक बादली पाणी तापवायला कोणत्या घरात काय काय खर्च होतं?’

‘पर्यावरणपूरक’ हा शब्द त्या प्रश्नात नव्हता. बोलकीला तो हवा होता. मी म्हटलं, शीर्षकात ठेवू, प्रश्नात नको. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

मोजायला सुरुवात

आधी कागदावर गणित. वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायचं तर ४०० किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे विजेच्या हिशेबात ०.४७ युनिटच्या आसपास. दीड हजार वॅटच्या कॉइलला त्यासाठी साधारण एकोणीस मिनिटं हवीत. हे नववीच्या मुलींना जमतं. जमल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं, त्यासाठी मी शिक्षकी पेशात आहे असं म्हणायला हरकत नाही.

मग एक नियम केला. वहीतल्या प्रत्येक आकड्यापुढे एक अक्षर लिहायचं. स्वतः मोजलं तर ‘मो’, गणिताने काढलं तर ‘ग’, कुठे वाचलं तर ‘वा’ आणि त्याखाली कुठे वाचलं ते. हा नियम वहीवालीने इतका मनावर घेतला की पुढे ती मला वर्गात विचारायला लागली, “मॅडम, हे तुमचं मो का वा?”

बारा घरं निवडली. पाच बंबाची, तीन गॅसची, दोन कॉइलची, दोन सोलरची. गावात सोलरची घरंच दोन होती.

कॉइलचं घर सर्वांत सोपं वाटलं होतं, पण तिथे एकोणीसऐवजी तेवीस मिनिटं लागली. मुलींना वाटलं आपलं गणित चुकलं. मी त्यांना मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा दाखवला. त्या मीटरवर एका युनिटला ३२०० लुकलुक असं छापलेलं होतं. घरातलं बाकी सगळं बंद करून त्यांनी मिनिटाभराच्या लुकलुक मोजल्या आणि त्यावरून कॉइल प्रत्यक्षात किती वॅटने चालते ते काढलं. ती दीड हजारापेक्षा बरीच कमी निघाली, कारण संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडतं. वीज तेवढीच लागली, वेळ मात्र वाढला. इथे एक कडक नियम होता: बटण बंद, प्लग बाहेर, मगच बादलीत थर्मामीटर. या एका बाबतीत मी मुलींवर सोडून दिलं नाही, प्रत्येक वेळी स्वतः उभी राहिले.

गॅसची पंचाईत वजनाची. भरलेली टाकी तीस किलोच्या घरात, आणि एका बादलीला जळणारा गॅस साठ-सत्तर ग्रॅम. भुसार दुकानाचा इलेक्ट्रॉनिक काटा दहा ग्रॅमपर्यंतच सांगतो. मुलींनी स्वतः तोड काढली. लागोपाठ दोन बादल्या तापवायच्या आणि फरक दोनने भागायचा. तीन घरांत मिळून बादलीमागे सरासरी ६५ ग्रॅम आला. शेगडीची कार्यक्षमता ६८ टक्के धरून गणित ५४ सांगत होतं. पातेल्यावर झाकण नसणं हे कारण बोलकीने सुचवलं. दुसऱ्या दिवशी झाकण ठेवून पाहिलं, तर फरक पडला.

बंबाने मात्र आम्हाला घाम फोडला. ज्यांनी बंब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: तांब्याचं उभं भांडं, मधून धुराची नळी, खाली जाळी आणि विस्तव. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की ते तळाशी जातं आणि तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर येतं. बंब कधी रिकामा होत नाही. म्हणजे ‘एक बादली पाणी तापवलं’ असं म्हणायला सुरुवात कुठे आणि शेवट कुठे? पहिल्या दिवशी मुलींनी तोटीतून आलेलं पाणी मोजलं आणि घरी आल्या. मग लक्षात आलं की त्यातली काही उष्णता कालची होती. शेवटी आदल्या रात्रीच बंब पूर्ण ओतून, सकाळी मोजून गार पाणी भरून, मग पेटवायचं असं ठरलं. घरच्या बायकांनी कुरकुर केली पण करू दिलं. सरपण ताणकाट्यावर आधी आणि नंतर. बाभूळ, तुरकाट्या, मक्याची बुरकुंडं, ज्याच्या घरी जे असेल ते. अर्धा किलोपासून किलोभरापर्यंत आकडे आले, आणि इतके विखुरलेले आले की सरासरी काढण्यात अर्थ नव्हता. अहवालात तसंच लिहिलं.

याच घरांमध्ये दुसरी गोष्ट दिसली. पाचपैकी तीन घरांत बंब पेटवायला चुलाणाशी प्लॅस्टिकची पिशवी किंवा वेफर्सचं पाकीट ठेवलेलं होतं. रॉकेल रेशनवर मिळत नाही तेव्हापासून हे वाढलंय, असं एका काकूंनी सहज सांगितलं. ही तीनही घरं प्रश्नावलीत ‘प्लॅस्टिक जाळत नाही’ म्हणणारी होती. आणि काकू खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी प्लॅस्टिक जाळणं म्हणजे कचऱ्याचा ढीग पेटवणं. बंबाखालची पिशवी म्हणजे चिपाडासारखंच एक पेटवण.

हे अहवालात घालायचं का, यावर आम्ही तिघी दोन दिवस अडलो. घरांना क्रमांक दिले होते, पण गाव एवढंसं आहे. ‘घर क्रमांक चार’ म्हणजे कोण हे ओळखायला वेळ लागत नाही. मुलींनी त्या तीन घरी परत जाऊन विचारावं असं ठरलं. दोन घरं म्हणाली, लिहा, नाव नको. तिसरं घर नको म्हणालं. मग अहवालात ‘काही घरांत’ एवढंच लिहिलं, आकडा नाही. संशोधन म्हणून ते थोडं लंगडं झालं. गावात राहायचं म्हणून ठीक झालं.

नवव्या घरी

ऑक्टोबरच्या शेवटी नवव्या घरी दोघींनी एकाच बादलीत दोन्ही थर्मामीटर घातले. मुद्दाम नव्हे, एकीचा हात दुखत होता म्हणून दुसरीने आपला पुढे केला. एकाने २५ दाखवले, दुसऱ्याने २७.

शाळेचे दोन थर्मामीटर होते, एक लाल द्रवाचा, एक निळ्या. प्रयोगशाळेत आल्यावर तपासायचं ठरलं. उकळत्या पाण्यात निळ्याने १०० दाखवले, लालने ९८. दोघींनी एका सुरात निकाल दिला: लाल बिघडलाय. पुस्तकात पाणी १०० ला उकळतं असंच आहे.

मी म्हटलं, बर्फातही बघू. शेजारच्या घरातून बर्फ आणला, ठेचून पाण्यात कालवला. लालने शून्य दाखवलं, निळ्याने दोन.

वहीवाली बराच वेळ बर्फाकडे बघत बसली. मग म्हणाली, “म्हणजे निळाच सगळीकडे दोन जास्त सांगतोय. मग पाणी अठ्ठ्याण्णवला कसं उकळलं?” इथे मी तोंड उघडलं. आपण समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटरवर राहतो, आणि दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने खाली येतो, हे सांगितलं. पुस्तकातले १०० अंश समुद्रकाठचे आहेत. खोटं ते बोलत नव्हतं, पण आमच्या गावाबद्दल बोलत नव्हतं.

आता खरी अडचण. नुसती वाढ मोजायची तर निळ्याची चूक बाधत नाही, कारण आधी आणि नंतर दोन्हीकडे दोन जास्त. पण पहिल्या नऊ घरांत दोघींनी काम वाटून घेतलं होतं. एकीने गार पाणी मोजलं, दुसरीने तापलेलं. गार निळ्याने आणि गरम लालने मोजलं असेल तर वीस अंशांची वाढ प्रत्यक्षात बावीस होती. उलटं असेल तर अठरा. दोन घरांच्या तुलनेत चार अंशांचा, म्हणजे जवळजवळ पाचव्या हिश्श्याचा घोळ.

स्पर्धेला पाच आठवडे होते. एक मार्ग होता सगळी नऊ घरं पुन्हा करायचा. दुसरा होता गप्प बसायचा. हा मी उगाच लिहीत नाही, कारण तो माझ्या मनात आला होता. आकडे दिसायला व्यवस्थित होते आणि परीक्षकाला कळण्याची काहीच शक्यता नव्हती. तिसरा मार्ग वहीत निघाला. वहीवालीने पाच घरांत प्रत्येक वाचनापुढे ‘ला’ किंवा ‘नि’ लिहिलं होतं. का लिहिलं होतं विचारलं तर म्हणाली, “सहजच, रंग वेगळे होते म्हणून.” त्या पाच घरांचे आकडे दुरुस्त करता आले. उरलेली चार पुन्हा केली, त्यातली दोन बंबाची. म्हणजे पुन्हा आदल्या रात्री बंब ओतणं, पुन्हा पहाटे पाचला जाणं आणि पुन्हा त्याच काकूंचं “परत आलात का गं?”

चुकीचं पान फाडायचं नाही, अहवालात त्यावर एक परिच्छेद लिहायचा, हे दोघींनीच ठरवलं. मला भीती वाटत होती की परीक्षक गुण कापतील.

सोलरचं घर

सोलरचं एक घर माझ्या सहकारी शिक्षकांचं. त्यांची खात्री होती की पहिला नंबर त्यांचाच. इंधन शून्य, धूर शून्य, बिल शून्य. मुलींनी तोटी सोडली आणि वाट बघत राहिल्या. गार पाणी येत राहिलं. वहीवालीने बादली खाली ठेवली. हाताला गरम लागेपर्यंत आठ लिटर जमले होते.

“हे पाणी कुठे जातं?” तिने विचारलं.

“मोरीत,” सरांच्या घरातून उत्तर आलं.

गच्चीवरच्या टाकीपासून न्हाणीपर्यंत पाऊण इंची पाइप, अंदाजे वीस मीटर. पाइपात किती पाणी मावतं, हे मुलींनी वर्तुळाच्या क्षेत्रफळावरून काढलं: सहा लिटरांहून थोडं जास्त. वरचे दीड-दोन लिटर पाइप स्वतः तापण्यात जात असावेत, असं त्यांनी लिहिलं. घरात पाच माणसं, आणि सगळी लागोपाठ आंघोळ करत नाहीत. जो थांबून करतो, त्याच्या वेळेला पाइप पुन्हा गार. टँकरच्या गावात हे पाणी लहान नाही.

दुसऱ्या सोलरच्या घरी न्हाणी टाकीच्या बरोबर खाली होती. तिथे दोन लिटरही गेले नाहीत.

सर नाराज झाले. दोन दिवस स्टाफरूममध्ये माझ्याशी बेताचंच बोलले. मी मुलींना एवढंच सांगितलं की दोन्ही घरं शेजारी-शेजारी मांडा, म्हणजे दोष सोलरचा की पाइपच्या लांबीचा, हे वाचणाऱ्याला दिसेल. सगळ्या प्रकल्पात मला सर्वांत आवडलेला भाग हाच.

माझं कोष्टक

नोव्हेंबरअखेर मुलींकडे मोठा तक्ता तयार होता. सरपणाचे किलो, गॅसचे ग्रॅम, विजेचे युनिट, धूर दिसत राहिला ती मिनिटं, वाया गेलेलं पाणी. ‘वा’ अक्षराखालचं एक गणितही होतं. भारतात एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीवरून दिसतं, आणि एक किलो गॅस जळला की सुमारे तीन किलो. त्यावरून कॉइलची बादली साधारण ३३० ग्रॅम, गॅसची २०० ग्रॅम. बोलकीला हा धक्का होता. कॉइलला धूर नाही, काजळी नाही, म्हणजे ती स्वच्छ, असं ती धरून चालली होती. धूर चंद्रपूरच्या कोळशाच्या वीजकेंद्रात निघतो, हे तिच्या लक्षात आल्यावर ती वहीवालीच्या बंबाबद्दल जरा बेताने बोलायला लागली.

आता एवढे रकाने, मग पहिलं कोण? मुलींनी विचारलं. इथे मी मोठी चूक केली. संध्याकाळी घरी बसून मी त्यांना एक गुणांकन करून दिलं. पाण्याला ४०, इंधनाला ३०, धुराला २०, खर्चाला १०, बेरीज शंभर. मुली खूश झाल्या. सगळं एका आकड्यात आलं, क्रमवारी लागली, तक्ता सुबक झाला. मलाही छान वाटलं. त्या आकड्यांपुढे मो, ग की वा, हे वहीवालीने विचारलं नाही. मी शिक्षिका होते म्हणून असेल.

तक्त्यांवरूनही थोडी ओढाताण झाली. बोलकीच्या वडिलांनी तालुक्याला फ्लेक्स छापून आणायची तयारी दाखवली. पर्यावरणपूरक राहणीचा प्रकल्प प्लॅस्टिकच्या फ्लेक्सवर! जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू जोडून हाताने लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

स्पर्धा आणि निकाल

जिल्ह्याच्या फेरीत एका परीक्षकांनी आधी ‘मॉडेल कुठे आहे?’ असं विचारलं. संशोधन प्रकल्पाच्या स्पर्धेत हा प्रश्न दरवर्षी येतो, त्याला आता मी सरावले आहे. दुसऱ्या परीक्षक बाई थर्मामीटरच्या परिच्छेदावर थांबल्या. वहीवालीने लाल-निळ्याची सगळी कथा सांगितली, बर्फासकट, आणि दुरुस्त केलेल्या एका घराचा हिशेब तिथेच खडूने करून दाखवला. बाईंनी वही मागून घेतली आणि उभ्या उभ्या दोन-तीन पानं वाचली. मुलींची पुढच्या फेरीसाठी निवड झाली.

पुढच्या फेरीत तीन परीक्षक होते. सुरुवात चांगली झाली. मग एकांनी विचारलं, “पाण्याला चाळीस आणि धुराला वीसच का? ज्या बाईच्या डोळ्यात रोज धूर जातो, तिने गुण दिले तर?”

प्रश्न अगदी रास्त होता. बोलकी, जी कुठेही अडत नाही, ती अडली. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीशी उभी होते आणि मला बोलायची परवानगी नव्हती. परवानगी असती तरी माझ्याकडेही धड उत्तर नव्हतं. वहीवालीने शेवटी सांगून टाकलं: “ते मॅडमनी दिलं.”

निवड झाली नाही. त्या एका प्रश्नानेच झाली नाही असं मी म्हणणार नाही, इतर प्रकल्पही चांगले होते. पण परतीच्या एसटीत मी मनात उजळणी केली. मुलींनी स्वतः चुका करून, निस्तरून जे उभं केलं होतं, त्यातल्या एकाही प्रश्नावर त्या अडल्या नव्हत्या. ज्या जागी अडल्या, ती जागा मी एका संध्याकाळी परस्पर भरून दिली होती.

गावात काय बदललं, असं लोक विचारतात. सरांच्या न्हाणीत आता तोटीखाली एक जास्तीची बादली असते आणि पहिलं गार पाणी भांड्यांना जातं. आमच्यातला अबोलाही संपला. नकार दिलेल्या त्या तिसऱ्या घराने पिशवी ठेवायची सोडली की नाही, हे मी विचारलेलं नाही. वहीवालीच्या घरी बंबच आहे. मात्र सरपणाला आता पत्र्याखाली जागा केली आहे.

आता वेगळं काय करेन

प्रश्नावलीत गेलेले दोन आठवडे वाचवता आले असते का? कदाचित. पण चाळीस ‘हो’ हातात पडल्याशिवाय मोजण्याची गरज मुलींना पटली असती असं मला वाटत नाही. पुढच्या वेळी दहा घरांवर थांबवेन.

उपकरणं पहिल्या आठवड्यात तपासायची. थर्मामीटर, ताणकाटा, दुकानातला काटा, सगळं. हे मला माहीत असायला हवं होतं, आणि माहीत होतंही. शाळेची वस्तू म्हणजे बरोबरच असणार, या सवयीने राहून गेलं.

बेरजेचा रकाना ठेवणार नाही. चार रकाने चारच राहू देईन आणि मुलींना विचारेन की टँकरच्या गावात कुणाला कुठला रकाना आधी वाचावासा वाटेल, धुरात बसणाऱ्या बाईला कुठला, बिल भरणाऱ्याला कुठला. क्रमवारी हवीच असेल तर ती त्यांनी लावावी आणि तिचं समर्थनही त्यांनीच करावं. मी दिलेले आकडे वहीत आले तर त्यापुढे ‘मॅ’ लिहायला लावेन.

आणि एक रकाना आम्ही तिघींनीही घातलाच नाही. बाराही घरांत पहाटे उठून पाणी तापवणारं माणूस बाई होती. कॉइलच्या घरात ती बटण दाबून दुसऱ्या कामाला जाते, बंबाच्या घरात अर्धा-पाऊण तास विस्तवापाशी बसते. आम्ही सरपण ग्रॅमपर्यंत मोजलं आणि तिची मिनिटं मोजली नाहीत. मी स्वतः पाच पहाटा त्या बंबांशेजारी उभी होते, तरीही.

यंदा आठवीतल्या दोन मुलांनी वहीवालीची वही मागून नेली आहे. त्यांचा विषय वेगळा आहे, त्यांना फक्त नोंदी कशा ठेवायच्या ते बघायचं होतं. निळा थर्मामीटर अजून प्रयोगशाळेत आहे, नवा आला नाही. त्याच्या डब्यावर पांढरी पट्टी चिकटवली आहे आणि त्यावर तिच्या अक्षरात लिहिलं आहे: दोन जास्त. मो.